रोजचा ताण हलका करण्यासाठी जेवणाच्या वेळा कशा सावराव्यात

नोकरी, प्रवास, मुलांच्या परीक्षा आणि घरातील आजारपणे यांतून येणारा ताण फारसा आपल्या हाती नसतो. मात्र शरीर त्याला कसे तोंड देते, हे आपण कधी जेवतो, किती चहा पितो आणि किती वाजता झोपतो यावर बरेच अवलंबून असते. विरार किंवा बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी येणाऱ्यांपैकी अनेकांचा दिवस पहाटेच्या रिकाम्या पोटी चहाने सुरू होतो, गाडी गाठण्याच्या घाईत न्याहारी राहून जाते, डबा दुपारी दोननंतर उघडला जातो, संध्याकाळी चहासोबत खारी किंवा वडापाव होतो आणि रात्री दहाला भरपेट जेवण. पुढील क्रम असाच दिवस डोळ्यांसमोर ठेवून सांगितला आहे. सगळे बदल एकदम करू नयेत. एक अंगवळणी पडला की दुसरा हाती घ्यावा. मधुमेहाची औषधे चालू असल्यास जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पहिली पायरी: नोंद

तीन दिवस खाण्याची वेळ, चहा-कॉफीचे कप आणि चिडचिड किंवा धडधड झाल्याची वेळ वहीत लिहावी. दोन जेवणांत मोठे अंतर पडले की रक्तातील साखर टिकवून धरण्यासाठी शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांचीही मदत घेते, आणि ताणाच्या प्रसंगी स्रवणारी संप्रेरकेही हीच असतात. त्यामुळे साहेबांच्या बोलण्याने आलेला राग किंवा घरी मुलांवर काढलेला आवाज यांत भुकेचाही वाटा असू शकतो, आणि तो वहीत सहज दिसतो.

दुसरी पायरी: रात्रीचे जेवण

बहुतेक जण सुरुवात सकाळपासून करतात, पण माझ्या मते ती रात्रीपासून करावी. उशिरा आणि जड जेवले की झोप नीट लागत नाही, सकाळी भूक नसते, मग न्याहारी टळते आणि दिवसभराचे वेळापत्रक पुन्हा बिघडते. जेवण आणि झोप यांत निदान दोन ते तीन तास असावेत. घरी पोहोचायलाच नऊ वाजत असतील, तर डब्यासोबत एक लहान डबाही न्यावा आणि त्यातील पोळी-भाजी किंवा उसळ सातच्या सुमारास, कार्यालयातून निघण्यापूर्वी खावी. घरी आल्यावर मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि ताक एवढेच पुरते. घरातील सर्वांनी एकत्र जेवण्याची सवय असेल, तर ती मोडण्याची गरज नाही. ताटातील प्रमाण तेवढे बदलावे.

तिसरी पायरी: न्याहारी

यासाठी महागडे काही आणावे लागत नाही. पोहेच करावेत, पण नुसते नव्हेत: त्यांत मूठभर शेंगदाणे आणि मटार घालावेत, वर लिंबू पिळावे आणि शेजारी वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ घ्यावी. प्रथिने आणि तंतू मिळाल्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते, तर लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोह चांगले शोषले जाते. ज्यांना सकाळी सहालाच निघावे लागते, त्यांनी आदल्या रात्री मुगाची डाळ भिजत घालून धिरडी करावीत किंवा थालीपीठ बांधून न्यावे. चहासोबत दोन बिस्किटे म्हणजे न्याहारी नव्हे.

चौथी पायरी: चहा

चहा सोडा, असे सांगण्यात अर्थ नाही. त्याची वेळ मात्र पाळावी. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातील निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. शेवटचा कप दुपारी तीनपूर्वी घ्यावा. कप अधिक होत असतील तर दर तीन-चार दिवसांनी एकेक कमी करावा, कारण एकदम थांबवल्यास डोके दुखते. जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण कमी करतो, म्हणून दोन्हींत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. ही बाब स्त्रियांसाठी विशेष महत्त्वाची आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि त्याचा थकवा व धडधड घरात अनेकदा ‘टेन्शन’ म्हणून अंगावर काढली जाते. असा त्रास सतत होत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी.

संध्याकाळच्या चहाच्या जागी फुटाणे, शेंगदाणे-गूळ किंवा एखादे फळ ठेवावे. ताण घालवण्यासाठी तंबाखू किंवा दारूकडे वळू नये. निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात आणि दारूने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते.

पाचवी पायरी: चालणे, श्वास आणि झोप

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. रिक्षा न करता स्थानकापासून घरापर्यंत चालत आले, तरी त्यातील मोठा भाग होतो. गाडीत बसायला जागा मिळाली तर फोन पिशवीत ठेवून पाच मिनिटे संथ श्वसन करावे: साधारण चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडण्याचा वेळ अधिक ठेवावा. झोप किमान सात तास मिळावी आणि उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये.

हे सारे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आहाराच्या प्रयोगांत वेळ घालवू नये. शासनाच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य फोन करता येतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.