ड्रायव्हरचा लॉफ्ट: ९ अंशांपासून १२ अंशांपर्यंत

गोल्फ शिकायला लागून वर्ष होत आले तेव्हा मी पहिला ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीचा क्लब, घेतला आणि त्याच्या तळाशी ९ हा आकडा कोरलेला होता. लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या पुढच्या पृष्ठभागाचा कल, जितका कमी तितका चेंडू लांब जातो, असे विक्रेत्याने सांगितले होते. टीव्हीवर दिसणारे व्यावसायिक खेळाडू साधारण तेवढ्याच लॉफ्टने खेळतात हे मलाही ठाऊक असल्याने मी अधिक चौकशी केली नाही. पुढचे आठ महिने माझा चेंडू टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरून) सुटायचा, हवेत जेमतेम उठायचा आणि उजवीकडे वळत रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, शिरायचा. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर माझ्याबरोबर असणारे कॅडी दर फेरीत एकदा तरी म्हणत, "साहेब, बॉल वर येतच नाहीये." दोष पूर्णपणे माझ्या स्विंगचा आहे, असे मी धरून चाललो होतो. तो काही प्रमाणात होताच, परंतु क्लबही माझ्यासाठी चुकीचा होता.

क्लबफेस, म्हणजे चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग, उभ्या रेषेपासून मागे किती कललेला आहे त्याचे माप म्हणजे लॉफ्ट. बाजारातले बहुतेक ड्रायव्हर ९, १०.५ आणि १२ अंशांच्या आसपास मिळतात. चेंडू किती वर सुटणार आणि त्याला किती बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) मिळणार, या दोन्ही गोष्टी लॉफ्टवर अवलंबून असतात. मात्र तळाशी कोरलेला आकडा जसाच्या तसा चेंडूपर्यंत पोहोचत नाही. आघाताच्या क्षणी हात पुढे झुकलेले असतील तर लॉफ्ट कमी होतो, शाफ्ट (क्लबचा दांडा) मागे कललेला असेल तर वाढतो. त्या क्षणी प्रत्यक्ष उरतो त्याला डायनॅमिक लॉफ्ट म्हणतात. शिवाय क्लब चेंडूवर खाली येताना आदळतो की वर चढताना, यावरही बरेच काही ठरते.

हे मला खऱ्या अर्थाने समजले ते ड्रायव्हिंग रेंजवर आमच्या सरांनी लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्याचे वेग आणि कोन मोजणारे यंत्र, लावला तेव्हा. क्लबचा वेग दोन्ही वेळा ताशी ८६ मैलांच्या जवळपास होता. ९ अंशांच्या ड्रायव्हरने चेंडू ताशी १२३ मैल वेगाने, ८ अंशांत, मिनिटाला साधारण २,१०० फेरे घेत सुटला आणि १६८ यार्डांवर टेकला. १२ अंशांच्या ड्रायव्हरने चेंडूचा वेग एका मैलाने घटला, परंतु सुटण्याचा कोन १३ अंश झाला, फेरे २,७०० झाले आणि कॅरी, म्हणजे चेंडू टेकेपर्यंतचे हवेतले अंतर, १८७ यार्ड मिळाली. माझ्या वेगाच्या खेळाडूचा चेंडू हवेत टिकायला उंचीही लागते आणि पुरेसा स्पिनही लागतो. दोन्ही कमी पडले की तो लवकर खाली येतो. कमी लॉफ्टचा चेंडू जमिनीवर जास्त घरंगळतो हे खरे, पण पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर (आखूड गवताच्या मधल्या पट्ट्यावर) ते घरंगळणे जवळजवळ संपते आणि हातात केवळ कॅरी उरते.

नवख्यांनी पुरुष व्यावसायिकांचा नव्हे, तर महिला व्यावसायिकांचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीच्या बरीच वर्षे वापरात असलेल्या सरासरी आकड्यांनुसार पुरुषांच्या पीजीए टूरवर क्लबचा वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास आणि चेंडू सुटण्याचा कोन सुमारे ११ अंश असतो. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग ९४ मैल, तर कोन १३ अंशांहून थोडा अधिक. त्या खेळाडू चेंडू सरासरी ३ अंश वर चढत्या क्लबने मारतात, पुरुष किंचित उतरत्या. आपला वेग एलपीजीएच्याही खाली असताना पीजीएचा लॉफ्ट घेण्याला काहीच आधार नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली भारताची अदिती अशोक टीवरून अनेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे असायची, तरीही शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली, हेही इथे आठवावे.

अचूकतेचा प्रश्न अंतराइतका सरळ नाही आणि नवखे बहुधा इथेच गोंधळतात. चेंडूला बॅकस्पिन आणि साइडस्पिन असे दोन वेगळे स्पिन नसतात. तो एकाच अक्षाभोवती फिरतो आणि तो अक्ष कलला की चेंडू वळतो. समजा, क्लबफेस क्लबच्या मार्गापेक्षा ३ अंश उघडा (उजवीकडे वळलेला) आहे. डायनॅमिक लॉफ्ट आणि आघाताचा कोन (क्लब वर चढण्याचा किंवा खाली उतरण्याचा कोन) यांतला फरक १० अंश असेल, तर अक्ष साधारण १७ अंश कलतो. तोच फरक १४ अंश असेल, तर साधारण १२. चूक तीच, पण जास्त लॉफ्टमध्ये वळण कमी. बऱ्याच जणांचा थ्री-वूड, म्हणजे जास्त लॉफ्टचा क्लब, ड्रायव्हरपेक्षा सरळ जातो त्यामागे त्याच्या आखूड शाफ्टबरोबर हेही एक कारण आहे. तरीही लॉफ्टने स्लाइस (चेंडूचे उजवीकडे वळणे) बरा होत नाही. चेंडू मुळातच उजवीकडे सुटत असेल तर तो उजवीकडेच जाईल, आणि उंच चेंडूला बाजूचा वारा अधिक काळ ढकलत राहील.

लॉफ्ट बदलता येणारे ड्रायव्हर आता सर्रास मिळतात. त्यांत बहुतेक वेळा लॉफ्ट वाढवला की क्लबफेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. असा १२ अंशांचा नवा ड्रायव्हर घेतल्यावर समोरच्या वाऱ्यात माझे काही चेंडू फुग्यासारखे वर चढून जागच्या जागी पडू लागले, म्हणून मी लॉफ्ट दीड अंशाने उतरवला. चेंडू खाली आला नाही आणि स्लाइस मात्र वाढला. सरांनी क्लबफेसवर टाल्कम पावडर लावायला सांगितली. पाच फटक्यांनंतर पाहिले तर चेंडूचे गोल ठसे पांढऱ्या थरात सगळे खालच्या कडेजवळ उमटले होते. फेसच्या खालच्या भागावर बसलेला चेंडू कमी कोनात आणि अधिक स्पिन घेऊन सुटतो, त्यामुळे सुरुवातीला कमी उंचीवरून जातोय असे वाटणारा चेंडू पुढे जाऊन उचलला जातो. उपाय लॉफ्टमध्ये नव्हता. टी उंच केली, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा चेंडू त्याच्या वरच्या कडेच्या वर दिसेल इतकी, आणि चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणला. ठसे मध्याच्या किंचित वर सरकले आणि फुगणे थांबले.

म्हणून नव्याने ड्रायव्हर घेणाऱ्याने आधी पावडर लावून ठसे पाहावेत, मग लाँच मॉनिटरवर १०.५ आणि १२ अंश हे दोन्ही किमान दहा-दहा फटके मारून तपासावेत आणि सर्वांत लांब गेलेला एक चेंडू न पाहता दहांची सरासरी कॅरी व डावी-उजवीकडची पसरण पाहावी. सेटिंग ठरवायचे ते फेरीपूर्वीच. नियमांनुसार फेरी सुरू झाल्यावर क्लबची रचना बदलून फटका मारता येत नाही. माझा ड्रायव्हर मी पुन्हा १२ अंशांवर नेला आणि उन्हाळ्यात फेअरवे कडक झाल्यावरही तो तिथेच ठेवतो, कारण अंश उतरवून मिळणाऱ्या चार-पाच यार्डांच्या रोलपेक्षा उघडणारा फेस मला महाग पडतो.