लस फुकट, मग हे बिल कसलं? या चुका टाळा

अमेरिकेत साथीच्या लसीचं बिल हातात पडलं की आधी त्यावरच्या ओळी मोजा. एक ओळ लसीची, दुसरी टोचण्याची. कधीकधी तिसरीही असते, तिच्याकडे पुढे वळतो. दवाखान्यात बिलिंगला बसणारे आणि पेशंट, दोघंही चुकतात ते बहुतेक याच ओळींमध्ये.

२००९ चा स्वाइन फ्लू आठवा. त्या वेळी लस अमेरिकेच्या केंद्र सरकारनं विकत घेतली आणि सुया-सिरिंजसकट डॉक्टरांना फुकट दिली. ती घेताना डॉक्टर एक करार करत. लसीचा एक सेंटही लावायचा नाही, पण टोचणावळ घेता येईल, आणि तीही त्या भागातल्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) दरापेक्षा जास्त नाही, असं त्यात होतं. म्हणजे शून्याचं बिल येईल अशी पेशंटची अपेक्षा चूक होती आणि लसीची किंमत लावणारा दवाखानाही चूक होता. आपल्याकडे म्हणतात, धर्माची गाय आणि दात का नाय. इथे मात्र दात मोजलेलेच बरे.

बिलिंगवाल्यांची खरी तारांबळ कोडमुळे, म्हणजे बिलावर प्रत्येक सेवेसाठी टाकायच्या ठरलेल्या आकड्यांमुळे झाली. त्या हंगामात नेहमीच्या फ्लूची लस वेगळी आणि साथीची वेगळी होती. साथीच्या लसीचा कोड ९०६६३, ती टोचण्याचा ९०४७०. मेडिकेअरसाठी मात्र टोचण्याचा कोड जी९१४१. सवयीनं नेहमीच्या फ्लूचा कोड टाकला, की त्याच पेशंटनं महिन्यापूर्वी घेतलेल्या साध्या लसीशी क्लेमची, म्हणजे विम्याकडे पाठवलेल्या पैशांच्या मागणीची, टक्कर होणारच. त्यात दहा वर्षांखालच्या मुलांना साथीच्या लसीचे दोन डोस लागत, म्हणजे टोचणावळही दोनदा. दुसरा क्लेम ‘डुप्लिकेट’ म्हणून परत आला, तर तो मुकाट्यानं पेशंटच्या गळ्यात मारू नये. दोन्ही तारखा दाखवून पुन्हा पाठवावा. आजही नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस असतात. तेव्हा ही अडचण जुनी झालेली नाही.

२०२१ मध्ये कोविडच्या वेळी तोच साचा वापरला: लस सरकारची, टोचणावळ विम्याची. मेडिकेअर त्या वर्षीच्या मार्चपासून एका डोसच्या टोचणीचे सुमारे ४० डॉलर देत होतं. विमा नसलेल्यांचे पैसे एका वेगळ्या सरकारी योजनेतून मिळत, पण तिनं ५ एप्रिल २०२२ नंतर लसीचे क्लेम घेणं बंद केलं. दवाखाना नेटवर्कबाहेरचा, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेला असला, तरी विम्यानं पेशंटवर काही भार टाकायचा नाही, हा नियमही ११ मे २०२३ ला कोविडच्या आरोग्य आणीबाणीबरोबर संपला. ‘मागच्या वेळी कुठेही फुकट मिळाली होती’ या आठवणीवर विसंबून नेटवर्कबाहेरच्या ठिकाणी बाही वर सारू नका. आजच्या कायद्यानुसार शिफारस झालेली लस बहुतेक खासगी विम्यांत को-पेशिवाय (दर भेटीला पेशंटनं भरायच्या ठरावीक रकमेशिवाय) मिळते, पण नेटवर्कमध्ये. काही जुन्या प्लॅन्सना तर हा कायदाच लागू नाही.

आता ती तिसरी ओळ. ‘आलोच आहोत तर खोकलाही दाखवून टाकू.’ झालं! डॉक्टरांनी खोकला तपासला, की ती स्वतंत्र व्हिजिट. तिला प्लॅननुसार को-पे किंवा डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम) लागू होतं, आणि त्यात दवाखान्याची लबाडी काही नसते. पण नुसती लस घेऊन बाहेर पडला असाल आणि तरी व्हिजिट लावली असेल, तर फोन करा. आधी दवाखान्याला विचारा: कोणते कोड लावले, निदानाच्या जागी लसीकरणाचा झेड२३ आहे का? चूक असेल तर दुरुस्त क्लेम पाठवायला सांगा. विमा कंपनीला फोन त्यानंतर. कंपनी नकारावर ठाम राहिली, तर बहुतेक प्लॅन्समध्ये नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपीलाला १८० दिवस असतात.

ईओबी, म्हणजे विमा कंपनी पाठवते तो हिशेबाचा कागद, हे बिल नव्हे. त्या कागदावर तसं छापलेलंही असतं, तरी तो पाहून घाईनं चेक लिहिणारे असतात. दवाखान्याचं बिल येऊ द्या, दोन्ही कागदांवरचे आकडे जुळवा, मग पैसे भरा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये लस बहुधा नसते. तो विमा आजारपणाचा, प्रतिबंधाचा नव्हे. त्यांना तुमच्या विम्याच्या कार्डावर लस घेता येईल असं समजून रांगेत उभं राहू नका. फार्मसीत रोखीचा दर आधी विचारा, काउंटीच्या आरोग्य विभागाचं शिबिर आहे का तेही बघा. नाहीतर निघण्याआधी पुण्यातच टोचून घ्यायला सांगा आणि लसीचं नाव नि तारीख लिहिलेला कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.