सरकारी वकील व्हायचंय? परीक्षेच्या पलीकडचं थोडं वाचून घ्या

ज्युनिअर पोरंपोरी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम एपीपीच्या, म्हणजे सहायक सरकारी वकिलाच्या परीक्षेची तयारी कशी करायची, पुस्तकं कुठली, क्लास लावू का. पास झाल्यावर पहिल्या सोमवारी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, पन्नास-साठ केसेस असतात, पैरवीवाले दादा (ठाण्याच्या केसेस कोर्टात बघणारे पोलीस) फायलींचा गठ्ठा घेऊन समोर उभे असतात, तीन साक्षीदार व्हरांड्यात पाणी शोधत फिरत असतात, तेव्हा काय करायचं हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टांत हे काम करतेय, त्यातून जे कळलं ते लिहिते.

आधी कोण कुठे उभं राहतं ते समजून घ्या, कारण बाहेर सगळ्यांनाच सरसकट सरकारी वकील म्हणतात. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात असतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे एपीपी. ही गट अ ची नोकरी, भरती एमपीएससीकडून, आणि खातं म्हणजे गृह विभागाखालचं अभियोग संचालनालय. जाहिरातीत प्रॅक्टिसच्या अनुभवाची अट असते ती नीट वाचा आणि पहिल्या दिवसापासून आपलं नाव वकीलपत्रावर येईल असं बघा, नुसतं सिनिअरच्या मागे बॅग घेऊन फिरलात तर अनुभव दाखवायला कागद राहत नाही. सेशन्स कोर्टात जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील असतात, त्यांच्या नेमणुका विधी व न्याय विभागाकडून होतात आणि कायद्याने किमान ७ वर्षांची वकिली लागते. तिसरा प्रकार विशेष सरकारी वकील, एखाद्या केससाठी सरकार नेमतं, तिथे किमान १० वर्षं. उज्ज्वल निकम हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, जळगावला वकिली करणारा माणूस १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात आणि पुढे २६/११ च्या खटल्यात सरकारच्या बाजूने उभा राहिला. पण टीव्हीवर दिसतं ते या कामाचं टोक आहे, बाकीचं सगळं काम पाण्याची मोटार चोरी, बांधावरची मारामारी, दारूबंदी, अपघात, कौटुंबिक छळ असल्या फायलींत चालतं आणि सामान्य माणसाला न्याय मिळतो की नाही हे तिथेच ठरतं असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं, तुम्ही पोलिसांचे वकील नाही. हे डोक्यात पक्कं करून घ्या कारण पहिल्या आठवड्यातच कुणीतरी साहेब गृहीत धरून बोलेल की आमचा रिमांड (आरोपीची पोलीस कोठडी) घेऊन द्या. पूर्वी खरंच पोलीस प्रॉसिक्यूटर असायचे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ते कागदावर सहायक सरकारी अभियोक्ता झाले तरी आपल्या महाराष्ट्रात कंट्रोल पोलीस खात्याचाच राहिला होता. त्यावर एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं की यांना पोलीस खात्यापासून वेगळं करा, स्वतंत्र केडर करा. आज आपण स्वतंत्र ऑफिसात बसतो ते त्या मंडळींनी लढा दिला म्हणून, जॉइन होण्याआधी हा निकाल एकदा तरी वाचा. आणि १९९९ चा शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद पण वाचा, त्यात कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की सरकारी वकिलाने काहीही करून शिक्षा लावायचीच अशा हट्टाने खटला चालवायचा नसतो. म्हणजे आरोपीच्या बाजूचा एखादा कागद तपासात निघाला असेल तर तो दाबायचा नाही, कोर्टासमोर ठेवायचा.

हे रोजच्या कामात कसं दिसतं ते रिमांडमध्ये बघा. आरोपी हजर करतात, रिमांड रिपोर्टमध्ये छापील पाच कारणं असतात, साथीदार शोधायचे आहेत, गुन्ह्याची पद्धत समजून घ्यायची आहे वगैरे. तुम्ही केस डायरी उघडा आणि आयओला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला विचारा की नक्की काय हस्तगत करायचंय, कुठून, आणि त्यासाठी आरोपी ताब्यात का लागतो. उत्तर असेल तर ते ठामपणे मांडा, कोर्ट ऐकतं. उत्तर नसेल तर एमसीआरला, म्हणजे न्यायालयीन कोठडीला हरकत नाही म्हणा. सुरुवातीला दोन-चार जण नाराज होतील, पण सहा महिन्यांनी तेच आयओ आदल्या रात्री फोन करून विचारतात की मॅडम अजून काय जोडू, आणि जज साहेबांना कळतं की ही बाई मागते तेव्हा खरंच गरज असते. जामिनाच्या अर्जावर आपण जो से, म्हणजे लेखी म्हणणं देतो, त्याचं पण तेच आहे. आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल हे वाक्य शंभर फायलींत एकसारखं असतं म्हणून त्याला वजन राहत नाही. त्यापेक्षा लिहा की फिर्यादी आणि आरोपी एकाच गल्लीत राहतात आणि अमुक तारखेला धमकीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) दाखल आहे. असं एक वाक्य छापील पानभर मजकुरापेक्षा जास्त काम करतं.

या कामाला माणसं कुठून येतात तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना आपलं बॅकग्राउंड आडवं येईल असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एपीपींमध्ये शिक्षकांची मुलं आहेत, शेतकऱ्यांची आहेत, पोलिसाची मुलगी आहे, जेएमएफसीची, म्हणजे मॅजिस्ट्रेटची परीक्षा दोन मार्कांनी हुकली म्हणून इकडे आलेले आहेत आणि आता परत जायचं नाव काढत नाहीत. काही जण पाच-सात वर्षं आरोपीच्या बाजूने केसेस चालवून आलेत आणि माझ्या मते ती सगळ्यात चांगली तयारी, कारण आपल्या केसमध्ये समोरचा कुठे हात घालणार हे त्यांना आधीच दिसतं. तेव्हा आत्ता ज्युनिअर असाल तर सरकारी वकील व्हायचंय म्हणून डिफेन्सची कामं टाळू नका, उलट भरपूर घ्या.

मराठी मीडियम, खेड्यातलं शिक्षण याची लाज तर अजिबात नको. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, साक्षीदार मराठीत बोलतो, आणि तो जे बोलतो ते नेमकं कळणं हे अर्धं काम आहे. एका मारामारीच्या केसमध्ये म्हातारी म्हणाली दिवेलागणीला झालं, पोलिसांनी जबाबात लिहिलं सात वाजता, उलटतपासात वकिलांनी विचारलं तुमच्याकडे घड्याळ होतं का, ती म्हणाली नाही, मग सात कशावरून सांगितले, ती गप्प. संपलं की, साक्षीदार खोटी वाटायला लागली. म्हणून आता मी सरतपासात, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारतो तेव्हा, आधी माणसाला त्याच्या शब्दांत बोलू देते, दिवेलागण म्हणजे काय, तेव्हा तुम्ही काय करत होता, धार काढायला निघाले होते, बरं, उजेड कसा होता, चेहरा दिसत होता का. हे प्रश्न पुस्तकात सापडत नाहीत, गावात राहिलेल्याला आपोआप सुचतात. शहरातल्या मंडळींनी प्रत्येक साक्षीदाराचा रोजचा दिवस कसा जातो हे पाच मिनिटं विचारून घ्यायची सवय लावावी.

आता तयारी. चार्जशीट आली की पहिल्या पानापासून गोष्टीसारखी वाचू नका. एक कोरा कागद घ्या, आरोप ज्या कलमाचा आहे त्याचे घटक एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक घटकासमोर कोणता साक्षीदार आणि कोणता कागद ते लिहा. जिथे जागा रिकामी राहते तिथे तुमची केस पडणार आहे, आणि हे तुम्हाला साक्षीच्या दिवशी न कळता दोन महिने आधी कळायला हवं म्हणजे आयओला पत्र देऊन पुढचा तपास, सीए म्हणजे रासायनिक तपासणीचा रिपोर्ट, राहिलेलं सर्टिफिकेट मागवता येतं. सध्या दोन कायदे डोक्यात ठेवायला लागतात, १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर भादंवि (जुनं भारतीय दंड विधान), त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, म्हणून फाईलच्या कव्हरवर गुन्ह्याची तारीख लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सीसीटीव्ही, मोबाईल रेकॉर्डिंग, व्हॉट्सअ‍ॅप असेल तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं सर्टिफिकेट सगळ्यात आधी बघा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा जालन्याच्या निवडणुकीचा वाद, पण २०२० मध्ये त्यात सुप्रीम कोर्टाने जे ठरवलं ते आपल्याला रोज लागतं, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर सर्टिफिकेटशिवाय तो पुरावा वाचता येत नाही. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, शिवाय हॅश व्हॅल्यू, म्हणजे रेकॉर्डमध्ये फेरफार झालेला नाही हे ताडून बघायचा कोड. ठाण्यात अजून बऱ्याचदा जुनाच नमुना भरून देतात, परत पाठवा.

मुद्देमालाबद्दल माझं स्वतःचं सांगते, कारण ते मला अजून टोचतं. पहिलं वर्ष होतं, शेतातली पाण्याची मोटार चोरीला गेलेली, आरोपीकडून ती सापडलेली, केस सरळ वाटली म्हणून मी साक्षीआधी मुद्देमाल बघितलाच नाही. कोर्टात मोटार आणली तर पंचनाम्यातला नंबर वेगळा आणि मोटारीवरचा वेगळा, पंच गोंधळला, फिर्यादी शेतकरी म्हणत राहिला की साहेब ही माझीच आहे, मी ओळखतो, पण ओळखतो कशावरून हे मी त्याला आधी विचारलेलंच नव्हतं. नंतर बाहेर तो म्हणाला की तिच्या झाकणाला त्याने स्वतः वेल्डिंग केलं होतं. हे एक वाक्य रेकॉर्डवर आलं असतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, आरोपी सुटला, आणि तो माणूस दोन एसट्या बदलून, दिवसाची मजुरी बुडवून आला होता. तेव्हापासून साक्षीच्या आधी मी मुद्देमाल कारकुनाकडे जाऊन वस्तू डोळ्यांनी बघते, लेबल, सील, सह्या, नंबर. यातली एकही गोष्ट चुकवू नका.

साक्षीदाराला भेटायचं की नाही यावर नवीन लोक घाबरतात. भेटा. त्याला त्याचा जबाब वाचायला द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, कोर्टात कुठे उभं राहायचं, जज साहेब कोण, समोरचे वकील दरडावून विचारतील तेव्हा प्रश्न पूर्ण ऐकून मग उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं हे सांगा. काय बोलायचं ते मात्र पढवायचं नाही. उलटतपासात विचारलं की सरकारी वकिलांना भेटलात का, तर हो म्हणू द्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि साक्ष झाल्यावर त्याचा भत्ता मिळाला का ते बघा, बऱ्याच जणांना असा काही भत्ता असतो हेच माहीत नसतं.

पंच फितूर होणं ही तर रोजची गोष्ट. पंच म्हणाला की सही माझी पण मजकूर माहीत नाही, की लगेच त्याला होस्टाईल, म्हणजे फितूर, डिक्लेअर करायची घाई करू नका. आधी हळूच विचारा, सही कुठे केली, तिथे का गेला होतात, पोलीस कोण होते, तिथे काय दिसलं. बऱ्याचदा निम्मा पंचनामा असाच साध्या प्रश्नांत बाहेर येतो. मग कोर्टाची परवानगी मागून उलटतपास घ्या. होस्टाईल साक्षीदाराची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, त्यातला भरवशाचा भाग कोर्टाला वापरता येतो, तो युक्तिवादात निशाणी नंबर (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) आणि परिच्छेद सांगून दाखवायचा. पंच मुळातच फितला तरी पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष उरते, म्हणून आयओचा सरतपास उरकून टाकू नका, पंचनामा केला आणि सही ओळखली एवढ्यावर थांबला तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

फिर्यादीने स्वतःचा वकील लावला असेल तर त्याचा राग धरू नका. कायद्याने तो तुम्हाला मदत करू शकतो आणि कोर्टाच्या परवानगीने पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो, खटला मात्र तुम्हीच चालवायचा. चांगला असेल तर फाईलमधल्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतात, बसून चहा घ्या आणि विचारा. केस मागे घ्यायचा विषय आला तर लक्षात ठेवा, तो अर्ज सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरून करायचा असतो, कुणाचा फोन आला म्हणून नाही, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३६० मध्ये पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही.

युक्तिवादात आपल्या केसमधली कमजोर बाजू तुम्ही स्वतः आधी काढा. फिर्याद दोन दिवस उशिरा आहे हे समोरचा सांगणारच आहे, त्याआधी तुम्ही सांगा आणि का उशीर झाला ते पुराव्यातून दाखवा. परिस्थितीजन्य पुरावा असेल तर पुण्याच्या केसमधला शरद सारडा हा १९८४ चा निकाल, त्यातल्या पाच कसोट्या, एकेक करून आपल्या साखळीला लावून बघा, आणि हे घरी बसून करा, कोर्टात उभं राहून नाही.

निकाल लागला की काम संपत नाही. निर्दोष सुटला तर त्याच दिवशी निकालाच्या नक्कलेचा अर्ज टाका आणि निकाल वाचून अपील करण्यासारखं आहे की नाही यावर प्रामाणिक मत लिहून पाठवा, अपिलाची मुदत फायलीत पडून पडून संपू देऊ नका. २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटकेत तपास कुठे चुकला, खटला चालवणारे कुठे चुकले हे तपासा. वरून विचारणा होवो न होवो, मी एका वहीत लिहून ठेवते, केस नंबर, का सुटला, माझ्याकडून काय राहिलं. मोटारीची केस तिच्या पहिल्या पानावर आहे. आणि फिर्यादीला निकाल पैरवीवाल्यांकडून किंवा गावातल्या कुणाकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः बोलावून सांगा, का असा लागला तेही साध्या भाषेत सांगा, वेळ लागतो, पण बोर्ड संपल्यावर संध्याकाळी पंधरा मिनिटं निघतात.