पूर्वकथा लिहायचीय? आधी जकातीचा रांजण शोधा

कल्पनारम्य महामालिकेची पूर्वकथा लिहायला बसलात तर साम्राज्याच्या संस्थापकाला पहिल्या प्रकरणात जन्माला घालू नका. मी घातला होता. वीज कडाडली, सुईण चरकली, सगळं यथासांग. दिरानं वाचून विचारलं, "वहिनी, हा सम्राट होणार हे मूळ तीन भागांत येऊन गेलंय. मग मी काळजी कुणाची करू?" खर्डा आठ महिने कपाटात पडला.

सुटका झाली नाणेघाटात. वैशाखऱ्याहून चढून गेलं की घाटमाथ्याशी सातवाहनांचं लेणं आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता खाली पायांच्या खुणा आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं. सिमुक, राणी नागनिका, श्री सातकर्णी. माणसं गेली, पाट्या राहिल्या.

तुमच्याही मूळ मालिकेत अशा पाट्या असतात: एखाद्या शपथेत, सणात, शिवीत आलेली जुनी नावं. ती वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे दोन रकाने आखा. पुढची पिढी काय मानते, आणि खरं काय घडलं. दोन्ही रकाने जुळले तर ते नाव सोडून द्या. माझ्या मालिकेत पहिल्या राणीनं शत्रूला अडवायला पूल जाळला म्हणून दरवर्षी जत्रा भरते. पूर्वकथेत तो गवताच्या गाडीमुळे पेटतो. राणी 'मीच जाळला' म्हणते, कारण गाडी तिच्या भावाची असते. आता शेवट ठाऊक असलेला वाचकही थांबतो. दीर थांबला.

मग पैसा. लेण्यातल्या बाजूच्या भिंतींवरचा लेख नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्यात यज्ञांची यादी आहे, अश्वमेध धरून, आणि दक्षिणेचे आकडे आहेत: कुठे 1700 गाई, कुठे 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करते, त्यामुळे अश्वमेधापेक्षा गाईंपाशीच जास्त अडकले. एवढ्या गाई हाकल्या कुणी? चारा कुणाचा? उत्तर त्याच घाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल इथून जुन्नरला चढायचा, पुढे पैठणला जायचा. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात.

म्हणून सिंहासनाआधी घाट ठरवा. खिंड, नदीचा उतार, बंदर, काहीही चालेल. वर काय जातं, खाली काय येतं, एका बैलामागे किती घेतात आणि न दिल्यास कोण मारतं, हे एका पानावर लिहा. जो रांजणाशी बसतो तो आधी राखणदार ठेवतो, मग राखणदारांना पोसायला दुसरा घाट घेतो. साम्राज्य तिथं सुरू होतं. 'सम्राट' हा शब्द मात्र पात्रांच्या तोंडी लवकर येऊ देऊ नका.

जादूचं थोडक्यात: मूळ मालिकेत आहे त्याहून ओबडधोबड ठेवा. नकाशा शेवटी काढा, नाहीतर महिनाभर डोंगरच रंगवत बसाल.

पहिल्या भागाचा शेवट राज्याभिषेकावर नको. माझ्या भागात रांजणाशी बसलेला कारकून मातीचा गोळा हातात घेऊन विचारतो, "शिक्का कुणाच्या नावाचा मारू?" तिघं एकदम बोलतात. दिराला दुसरा भाग हवाय, मी अजून चाऱ्याच्या हिशोबात आहे.