घारापुरीची एका दिवसाची भटकंती: या चुका टाळा

गेटवेहून लाँच पकडायची, लेणं बघायचं, कणीस खायचं आणि परतायचं. बहुतेक मुंबईकरांची घारापुरी एवढ्यातच संपते. खरं तर हे दोन टेकड्यांचं आणि शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन गावांचं बेट आहे. दिवसभर पायी फिरावं इतकं तिथे आहे, पण वेळेची आखणी चुकली की सगळंच हुकतं.

पहिली चूक वाराची. सोमवारी लेणी बंद असतात, तरीही दर सोमवारी कोणीतरी गेटवेला येऊन हिरमुसतंच. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक आणि गर्दी दोन्ही असतात. मंगळवार ते शुक्रवार यांतला एखादा दिवस काढा आणि सकाळी नऊच्या सुमाराची लाँच गाठा. समुद्रातच तासभर जातो. अकरानंतर निघालात तर जेट्टीवरून चालून त्या १२० पायऱ्या भर उन्हात चढाव्या लागतील. खरेदी उतरताना करा. चढताना घेतलेल्या पिशव्या दिवसभर हातात राहतात.

दुसरी चूक क्रमाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडते. पायऱ्या चढून लोक थेट लेण्यात शिरतात आणि तोफांच्या टेकडीकडे निघतात ते टळटळीत दुपारी. मग अर्ध्या वाटेतून मागे फिरतात. उलट करा. सकाळच्या गारव्यात आधी टेकडी चढा. वर जुन्या तोफा आहेत, आणि तिथून न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनपर्यंत खाडी दिसते. ऊन चढलं की लेण्यात या. कातळाच्या पोटात दुपारीही गारवा असतो.

लेण्यात घाई नको. महेशमूर्ती, म्हणजे शंकराची तीन मुखांची मूर्ती, सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर फोटो काढून निघून जाणारे अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, अंधकासुरवध हे सगळे शिल्पपट पाहतच नाहीत. हात-पाय तुटलेल्या मूर्ती बघून वाईट वाटतं. पोर्तुगिजांच्या काळात इथे फार नासधूस झाली. १५३४ मध्ये बेट त्यांच्याकडे गेलं. पुढे त्यांनी इथला शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला, तो कायमचा हरवला. त्यामुळे हे लेणं कोणी खोदवलं याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. कोणी ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलं’ म्हणून सांगितलं, तर गोष्ट म्हणून ऐका. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो बेटावर शोधू नका. तो भायखळ्याला, राणीच्या बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडची वाट तितकी ठळक नाही, गावातल्या माणसाला विचारूनच जा. दुपारी उशिरा तिकडे वळू नका.

माकडांपुढे हातातली पाण्याची बाटली किंवा वेफर्सचं पाकीट मिरवू नका. सगळं बॅगेत, चेन लावून ठेवा. माकडाने काही पकडलंच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात रेबीजच्या लशीबद्दल दाखवून या. पाणी घरूनच भरपूर न्या. बेट पावसाच्या साठ्यावर जगतं आणि उन्हाळ्यात गावकऱ्यांनाच टंचाई भासते. रिकाम्या बाटल्या मुंबईला परत आणा.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायचा कंटाळा करू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या प्रवासी लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं दगावली. जॅकेट बाकाखाली असेल तर मागून घ्या, मुलांच्या मापाचं आधी विचारा. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी, मधल्या भागात बसावं आणि मोबाइलऐवजी क्षितिजाकडे बघावं. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे लाँच अचानक बंद होतात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ऑक्टोबर संपल्यावर गेलेलं बरं.

परतीची शेवटची लाँच साधारण साडेपाचची असते, पण वेळ त्या दिवशी उतरतानाच लाँचवाल्यांना विचारून घ्या. तिकीट जाऊन-येऊन असतं, दुसरा भाग जपून ठेवा. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून साडेचारला जेट्टीकडे चालू लागा. तरीही चुकलीच, तर एखाद्या होडीवाल्याशी घासाघीस करून अंधारात निघू नका. जेट्टीवरच्या लाँचवाल्यांना किंवा ग्रामपंचायतीच्या माणसाला गाठा आणि घरी फोन करून कुठे आहात ते कळवा.