स्फोट नंतर, आधी कान टवकारू द्या

युद्धपटातला सीन साउंड डिझाइनसाठी माझ्याकडे आला की मी आधी सगळा गोळीबार म्यूट करतो. दिग्दर्शक वैतागतात. पण गोळ्या सुटायला लागल्या की प्रेक्षकाला काय ते कळून चुकलेलं असतं; त्याचा जीव टांगणीला लागतो तो त्याआधी. तेव्हा काम तिथूनच सुरू करा.

रातकिडे, वारा, लांबवर भुंकणारं कुत्रं, पट्ट्याच्या कडीची किणकिण, प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक द्या. धोका जवळ येईल तसा एकेक काढून घ्या, पण कापू नका. रातकिडे आठ-दहा सेकंदांत विरू देत, वारा त्याहून सावकाश. नेमकं काय कमी झालं हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण तो कान टवकारेल. पूर्ण शून्यावर मात्र जाऊ नका, लोकांना स्पीकर गेल्यासारखं वाटतं. श्वास उरू द्या. आणि तो रेकॉर्ड करण्याआधी नटाला खरोखर चार जिने चढायला लावा. माइकसमोर उभ्या-उभ्या काढलेली धाप खोटी वाटते आणि सॉफ्टवेअरमधले आवाज सुधारणारे कितीही प्लगइन लावले तरी खोटीच राहते.

आता अंतर. इथे सगळ्यात जास्त आळस होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे सिनेमातल्या सेकंदाला 24 फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबाने फ्रेममागे जेमतेम 14 मीटर. 700 मीटरवरच्या तोफेची ज्वाळा दिसली, तर धमाका दोन सेकंदांनी यायला हवा. बहुतेक जण तो ज्वाळेवरच चिकटवतात आणि फुकट मिळालेला ताण घालवतात. रायफलची गोळी तर आवाजाच्याही पुढे धावते: 400 मीटरवरून झाडली तर कानाजवळ आधी गोळीचा ‘कडाक्’, आणि साधारण अर्ध्या सेकंदानंतर बंदुकीचा दबका ‘धप्प’. हा क्रम मोडू नका. त्या फटीत पात्रं माना खाली घालतात, खुर्चीतला माणूसही अंग चोरतो. आणि दूरचा आवाज नुसता व्हॉल्यूम उतरवून दूर जात नाही. वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग, हवेत आधी विरतात, त्या कापा.

शेपर्ड टोनबद्दल हमखास विचारतात. एकेका सप्तकाच्या अंतराने रचलेले स्वर एकत्र वर सरकवायचे. सगळ्यात वरचा विरत जातो, खालून नवा गुपचूप शिरतो, आणि स्वर न थांबता चढतोय असा भास होतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी तो 1964 मध्ये मांडला. ‘डंकर्क’ या युद्धपटाने (2017) गाजवल्यापासून मी तो शक्यतो टाळतो. वापरायचाच तर इंजिनाच्या घरघरीत दडवा. ओळखू आला की फसला.

स्फोटानंतर कान बधिर होऊन शिट्टी वाजते, ती युक्ती सिनेमात एकदाच, आणि ज्याच्या कानाने आपण ऐकतोय त्याच पात्रासाठी.

स्फोट मोठा वाटावा म्हणून तो वाढवत बसू नका. त्याच्या आधीचे काही सेकंद खाली आणा. सबवूफरमधली (खोल, खालच्या आवाजांच्या स्पीकरमधली) 30-40 हर्ट्झची घरघर चालू असेल तर ती स्फोटाच्या जरा आधी तोडा.

शेवटी चित्र बंद करून सीन ऐका. शत्रू कुठल्या बाजूला आहे आणि किती लांब, हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर संगीताचा ट्रॅक काढून पुन्हा ऐका. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.