चेहरा मोजताना या चुका टाळा: तक्ता कुणाचा ते आधी बघा

जन्मजात विकाराच्या शंकेने माझ्याकडे पाठवलेल्या मुलाच्या केसपेपरवर 'डोळे दूर-दूर वाटतात' असं लिहिलेलं दिसलं की माझा पारा चढतो. वाटतात म्हणजे काय? पट्टी खिशात असते आणि मोजायला अर्धं मिनिट पुरतं. नाकाचं मूळ बसकं असलं किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असली, की डोळे आहेत त्याहून लांब भासतात. पूर्व आशियाई वंशाच्या कितीतरी धडधाकट मुलांत ही घडी असतेच.

मोजणारेही चुकतात, आणि ती चूक जास्त महागात पडते. दोन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या फाइलवर हायपरटेलोरिझमचा, म्हणजे डोळे खरोखरच लांब-लांब असल्याचा, शिक्का बसलेला होता. बाहुल्यांमधलं अंतर म्हणे +2 एसडीच्या वर (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, माप सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारं एकक). क्रोमोसोमची तपासणी नॉर्मल आली होती, तरी आईबाबांची झोप उडालेली. मी म्हटलं, ज्याच्याशी माप ताडलं तो तक्ता दाखवा. आली झेरॉक्सची झेरॉक्स, वरची ओळ कापली गेलेली. कुठल्या लोकांची मुलं, किती वयाची, कशाने मोजलेली, काही पत्ता नाही. मग मी आईला मोजलं, बाबांना मोजलं, सोबत आलेल्या आजीलाही खुर्चीत बसवलं. आजीचेही डोळे तसेच लांब! त्यांच्याच लोकांच्या, वयानुसार केलेल्या तक्त्यावर मुलगी +1 एसडीच्या आत बसली. वाढ वेळेवर होती, दुसरं लक्षण एकही नव्हतं. फाइल बंद केली. घरी जाण्याआधी माझा खण उघडून पाहिला, तर तसलीच एक झेरॉक्स तिथेही होती. फाडून टाकली.

'आंतरराष्ट्रीय तक्ता वापरला' हे उत्तरही मला पुरत नाही. फार्कस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 1470 निरोगी माणसांच्या चेहऱ्याची 14 मापं प्रसिद्ध केली. वंशावंशांतले फरक दाखवणारं मोलाचं काम आहे ते, पण ती माणसं 18 ते 30 वर्षांची होती. ते आकडे तान्ह्या बाळाला लावणारे उत्साही शिकाऊ मी पाहिलेत.

माझा दुसरा राग फक्त आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजून थांबणाऱ्यांवर. ते वाढलंय आणि बाहुल्यांमधलं अंतर नॉर्मल आहे, तर तो टेलेकॅन्थस, हायपरटेलोरिझम नव्हे. हा शब्दांचा कीस नाही. वार्डनबर्ग सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या पहिल्या प्रकारात नेमकं हेच दिसतं, आणि त्यात बहिरेपण असू शकतं. अशा मुलाची श्रवणचाचणी मी त्याच आठवड्यात करून घेते. आईबाबा केस रंगवतात का, हेही न लाजता विचारते. या विकारात दिसणारी केसांची पांढरी बट कलपाखाली दडलेली असू शकते.

बाकीच्या चुका थोडक्यात. मान मागे गेली की कान खाली सरकल्यासारखे दिसतात, डोकं सरळ धरा. मोबाइल अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, त्यावरून काही मोजू नका. डोळ्याच्या फटीची लांबी घेताना पट्टी डोळ्याच्या वळणाला धरून ठेवा, चेहऱ्यासमोर आडवी नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दुरुस्त करूनच, म्हणजे जितके आठवडे लवकर जन्मलं तितके वजा करूनच, तक्ता उघडा. आणि चौदा मापं घेतलीत, तर निरोगी मुलाचंही एखादं ±2 एसडीबाहेर सहज जाऊ शकतं. त्या एकावर निदान रचू नका.

'आता फोटोवरून सिंड्रोम ओळखणारं ॲप आहे की!' हे रोज ऐकते. 2017 च्या एका अभ्यासात अशाच प्रणालीने डाऊन सिंड्रोम असलेली बेल्जियममधली 80 टक्के मुलं ओळखली, काँगोतली फक्त 36.8 टक्के. काँगोतल्या मुलांचे चेहरे शिकवल्यावर तीच 94.7 टक्क्यांवर गेली. म्हणून माझ्याकडे नियम साधा आहे: आधी पट्टी, मग तक्त्याचं नाव आणि साल मापाशेजारी लिहायचं, त्यानंतर ॲप उघडायचं. उलट क्रमाने आलेला केसपेपर मी परत पाठवते.